पायांतली आग आणि दहा बैठका

पत्र

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३७ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चार वर्षांपूर्वी एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं, पुढे कमरेखाली बधिरपणा आला, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान निघालं. उपचार नाशिकच्या न्यूरॉलॉजिस्टकडे चालू आहेत. डायमिथाइल फ्युमरेटची कॅप्सूल रोज दोन वेळा आणि पाय आखडतात म्हणून बॅक्लोफेन. गेल्या दीड वर्षात नवा अटॅक नाही. पण रात्री तळपाय जळतात, पिंढऱ्यांत गोळे येतात, मान खाली घातली की पाठीतून करंट उतरतो आणि कंबर कायम धरलेली असते.

दिरांनी त्यांना जळगावात ॲक्युपंक्चर करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेलं. ते म्हणाले, दहा बैठकांत आजार मुळापासून जाईल आणि तिसऱ्या बैठकीपासून ॲलोपॅथीच्या गोळ्या कमी करू. दहा बैठकांचे आठ हजार रुपये आगाऊ, सोबत ताकद येण्यासाठी एक चूर्ण. दिरांच्या ओळखीचा, याच आजाराचा एक मुलगा दिवाळीनंतर तिथे जाऊ लागला आणि संक्रांतीला काठी सोडून चालला, असं सांगतात. ताईंचे मिस्टर म्हणतात, सगळं थोतांड आहे. ताईंचा प्रश्न असा: चार वर्षं गोळ्या खाऊनही दुखणं थांबलं नाही, मग सुया करून बघायला काय हरकत आहे? आणि नाशिकच्या डॉक्टरांना हे सांगावं का? ते रागावतील अशी भीती वाटते.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली तीन पानं दुखण्याचीच आहेत. रात्री दोनला उठून तुम्ही मोरीत जाता, पायांवर तांब्या-तांब्यानं पाणी ओतता आणि गार फरशीवर पाय टेकून भिंतीला बसून राहता. कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवासुद्धा लावत नाही. माहेरी गेलात तेव्हा आईला एवढंच म्हणालात, "माय, पायले आग लागेल शे." हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोड्या वेळानं पुन्हा हातात घेतलं. म्हणून आधी हे सांगते, की तुमचं दुखणं खरं आहे. एमएस हा न दुखणारा आजार आहे असं एके काळी डॉक्टरही मानत. आता तसं कुणी मानत नाही. या आजाराच्या कितीतरी रुग्णांना दुखणं असतं आणि ते 'मनाचं' नसतं.

याच पत्रात शेवटाकडे तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात. "डॉक्टर दर वेळी विचारतात, नवीन काही? मी म्हणते, नवीन काही नाही." मला वाटतं, तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे.

डॉक्टरांच्या तोंडी 'नवीन काही' म्हणजे नवा अटॅक. एखादं नवं लक्षण आलं का, ते चोवीस तासांहून जास्त टिकलं का, डोळ्याला, हाताला, तोलाला काही झालं का, हे ते विचारत असतात. तुमच्या लेखी पायांची आग जुनीच आहे, म्हणून तुम्ही 'नाही' म्हणता. तुम्ही दोघंही खरंच बोलता आणि दुखणं मात्र दोघांच्या मधून निसटून जातं. मला तुम्ही तीन पानं लिहिलीत. नाशिकच्या त्या फाइलमध्ये रात्रीच्या मोरीची, फरशीची एक ओळ तरी असेल का?

आता 'चार वर्षं गोळ्या खाऊन दुखणं थांबलं नाही' हे तुमचं वाक्य पुन्हा बघू. कुठल्या गोळ्या? आपल्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती त्या आवरणावर तुटून पडते. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदरानं कुरतडली की मोटर कधी चालते, कधी अडते, कधी भलतीकडेच ठिणगी पडते, तसं होतं. तुमची कॅप्सूल उंदरांना आवर घालते. दीड वर्षात नवा अटॅक नाही, याचा अर्थ ती आपलं काम बहुधा चोख करते आहे. पण आधी कुरतडली गेलेली केबल ती सांधत नाही आणि तिथून उडणारी ठिणगी, म्हणजे तुमची जळजळ, ती थांबवत नाही. ते तिचं कामच नाही. बॅक्लोफेन आहे ते आखडलेले स्नायू सैल करायला. जळजळीवरची एकही गोळी तुम्ही पाठवलेल्या यादीत मला दिसली नाही. म्हणजे जळजळीवर औषध हरलं असं म्हणता येत नाही, ताई. त्या दुखण्याला अजून औषध मागितलंच गेलेलं नाही.

तुम्ही सगळ्याला मिळून 'दुखणं' म्हणता. मी पत्रावर पेन्सिलीनं खुणा केल्या तेव्हा मला त्यात चार वेगळी दुखणी सापडली.

पहिली तळपायांची आग. ही मज्जातंतूंची वेदना. साध्या वेदनाशामक गोळीनं ती हलत नाही, म्हणून तुम्ही मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांचा उपयोग झाला नाही. तिच्यासाठी प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन अशी वेगळ्या घराण्यातली औषधं असतात. लहान मात्रेपासून हळूहळू वाढवावी लागतात, काहींना गुंगी येते, म्हणून ती डॉक्टरांनी ठरवूनच घ्यायची. नावं मी एवढ्यासाठी लिहिली, की तुम्हाला विचारता यावं. आणखी एक. पाय जळतात म्हणजे एमएसच, असं धरून चालू नका. बी-१२ कमी असलं तरी पाय जळतात, साखर वाढली तरी जळतात. तुम्ही पूर्ण शाकाहारी आहात असं लिहिलंय. बी-१२ शेवटचं कधी तपासलं, ते फाइलमध्ये बघा. रक्ताची एक तपासणी आहे, तिथल्या तिथे होऊन जाईल.

दुसरे पिंढऱ्यांचे गोळे. बॅक्लोफेनची मात्रा आणि वेळ बदलून फरक पडू शकतो. झोपण्याआधी पिंढऱ्या ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. गोळे अचानक वाढले तर लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता तर नाही ना, हे आधी बघायचं. एमएसमध्ये या दोन गोष्टी स्नायूंना चेव आणतात आणि आपल्याला वाटतं आजार वाढला.

तिसरा मानेतला करंट. लेर्मित नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावानं तो ओळखला जातो. मानेतल्या मज्जारज्जूवर व्रण असला की मान वाकवताना असं होतं. घाबरवतो, पण क्षणात जातो आणि बहुतेक वेळा त्याला वेगळं औषध लागत नाही. तुम्ही पन्नास-साठ वह्या मान घालून तपासत असाल. वह्या डोळ्यांसमोर येतील असा उतरता स्टँड किंवा दोन-तीन जाड रजिस्टरं खाली ठेवून बघा.

चौथी कंबर. हे तुम्ही एमएसच्या खात्यावर लिहिलंय, पण पाय जड पडतो म्हणून चाल बदलते, चाल बदलली की कंबरेवर भलता भार येतो, असं हे साधं स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. सुयांची गोष्ट आता इथून सुरू होते.

तुमचे मिस्टर थोतांड म्हणतात, ते मला पटत नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे ही पद्धत शिकले आणि त्यांनी कोलकात्यात ती सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडे ती आहे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर चिकित्सेचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणीसाठी परिषद आहे. कायदा आहे म्हणून उपचार गुणकारी ठरत नाही, हेही खरं. गुणाचं उत्तर चाचण्यांत शोधावं लागतं. २०१८ साली ३९ चाचण्यांमधल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. कंबर-मानदुखी, खांदेदुखी, गुडघ्याचा संधिवात, जुनी डोकेदुखी असे हे रुग्ण. सुया न घेणाऱ्यांपेक्षा सुया घेणाऱ्यांचं दुखणं बरंच कमी झालं. पण खोट्या सुया, म्हणजे टोचल्यासारखं भासवणाऱ्या किंवा भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, घेणाऱ्यांपेक्षा खऱ्या सुयांचा फायदा थोडाच जास्त निघाला. मी हे असं वाचते: सुईचा स्वतःचा काही गुण आहे, पण लहान. बाकीचा आराम स्वस्थ पडून राहण्याचा, कुणीतरी लक्ष देण्याचा आणि आशेचा आहे. तो आरामही खोटा नाही. मात्र त्याची किंमत आणि त्याच्या अटी आपण ठरवायच्या.

एमएसवरच्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्या लहान आहेत आणि बऱ्याच ठिकाणी खोट्या सुयांशी नीट तुलनाच केलेली नाही. काहींत थकवा, दुखणं किंवा आखडणं कमी झाल्याचं दिसलं, काहींत नाही. सुयांनी अटॅक थांबतात किंवा एमआरआयमधले व्रण भरून निघतात, हे कुठेही सिद्ध झालेलं नाही. म्हणून माझ्या मते तुमच्या चार दुखण्यांपैकी कंबरेला सुयांचा उपयोग होण्याची आशा सगळ्यात जास्त. तळपायांना कदाचित थोडा. मूळ आजाराला नाही.

मी स्वतः आखडलेल्या खांद्यासाठी सहा बैठका घेतल्या होत्या. सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा खूप बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग त्या जागी एक जडपणा येतो. वीस-पंचवीस मिनिटं स्वस्थ पडून राहायचं. मला तिसऱ्या बैठकीनंतर रात्री कुशीवर वळता येऊ लागलं. ते सुईमुळे की रोज भिंतीवर बोटं चढवण्याच्या व्यायामामुळे, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण मला बरं वाटलं, आणि कुणी मला दुसरी कुठली गोळी सोडायला सांगितली नव्हती.

आता त्या काठी सोडलेल्या मुलाबद्दल. त्याचं बरं होणं मी नाकारत नाही, मला त्याचा आनंदच आहे. पण एमएस बहुतेकांमध्ये सुरुवातीला येतो-जातो. अटॅक येतो, काही आठवडे-महिने राहतो आणि ओसरतो, कधी पूर्ण, कधी अर्धामुर्धा. माणूस उपचाराला धावतो तो सगळ्यात वाईट दिवसांत. त्यानंतर जे काही केलं, सुया, अंगारा, काढा, त्याच्या पदरात ओसरण्याचं पुण्य पडतं. तुमचा डोळाही पहिल्या अटॅकनंतर दीड महिन्यात सुधारला, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा तुम्ही सुया घेत होता का?

शिवाय 'दिवाळीनंतर' आणि 'संक्रांतीला' हे दोन शब्द मला फार बोलके वाटले. १८९० साली ऊथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं लिहून ठेवलंय, की या रुग्णांनी श्रम केले की दिसणं धूसर होतं. त्यामागे अंग तापणं आहे, हे पुढे कळलं. उघडी पडलेली तंतूची वायर गरम झाली की तिच्यातून संदेश नीट जात नाही. एमआरआय येण्याआधीच्या काळात तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदानाला दुजोरा मिळवत. आता आपल्या खान्देशात बघा. ऑक्टोबरचा चटका अंग भाजून काढतो, दिवाळीनंतर गारवा येतो, डिसेंबर-जानेवारीत शेताशेतांत भरताच्या पार्ट्या सुरू होतात तेव्हा पहाटे कुडकुडायला होतं. एमएसच्या माणसाला इथे वर्षातले सगळ्यात बरे दिवस कुठले? दिवाळी ते संक्रांतच. त्या मुलाचा अटॅक ओसरत असेल आणि वर थंडी पडली असेल. सुयांनीही थोडा हात दिला असेल, नाही कशाला म्हणू? पण सगळं श्रेय सुयांना देऊन तुमच्या कॅप्सूल बंद करायच्या, हा हिशोब मला मान्य नाही.

उलट मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तुमचे पाय जास्त जळतील, चाल बिघडेल, डोळ्यापुढे धुकं येईल. तेव्हा 'औषध लागू पडत नाही' असं म्हणू नका. अंग गार झालं की ते ओसरतं का, हे बघा. ओसरलं तर तो नवा अटॅक नाही. चोवीस तासांनंतरही राहिलं तर मात्र डॉक्टरांना फोन. उन्हाळ्यासाठी आतापासून सोय करा. स्वयंपाक सूर्य वर यायच्या आत, कूलरची जाळी मार्चमध्येच बदलून घ्यायची, शाळेत जाताना ओला पंचा गळ्याभोवती, पर्समध्ये ओल्या रुमालाची पिशवी. लाइट गेल्यावर पाय बुडवायला एक घमेलं पाणी नेहमी भरलेलं असू द्या. आंघोळीचं कढत पाणी बंद. मुख्याध्यापकांना सांगून सकाळच्या सत्रातच अवघड विषय घ्या. हे आजारपणाचे लाड नाहीत, मज्जातंतूंची गरज आहे.

आता गोळ्या कमी करण्याबद्दल. इथे मी हळू आवाजात बोलणार नाही. तिसऱ्या बैठकीपासून गोळ्या कमी करू, असं म्हणणाऱ्या माणसाकडे तुम्ही जाऊ नये. बॅक्लोफेन एकदम थांबवलं तर स्नायू पूर्वीपेक्षा जोरात आखडतात, भास होऊ शकतात, झटके येऊ शकतात. कॅप्सूल थांबवली तर पहिले काही आठवडे बहुधा काहीच होणार नाही आणि तोच धोका आहे. तुम्हाला वाटेल, बघा, गोळीशिवाय चाललंय. मग एक दिवस नवा अटॅक येऊ शकतो आणि त्यात जे जाईल ते सगळंच परत येईल याची खात्री नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला एमएसवरचं फिंगोलिमोड किंवा नॅटालिझुमॅब हे औषध चालू असेल तर त्यांनी जास्तच जपावं. ती अचानक सोडल्यावर काही जणांत आजार दुप्पट जोरानं उसळल्याचं माहीत आहे. औषध बदलायचं असेल, परवडत नसेल, पोटाला त्रास होत असेल, तर ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याशीच बोला.

चूर्णही घेऊ नका. पुडीत काय आहे हे लिहिलेलं नाही, असं तुम्ही म्हणता. 'ताकद' आणि 'प्रतिकारशक्ती' वाढवण्यासाठी सहसा अश्वगंधा, गुळवेल अशा गोष्टी देतात. या आजारात प्रतिकारशक्तीच वाट चुकली आहे, तिला आणखी चेतवण्यात शहाणपण नाही. गुळवेलीनं काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनीही केल्या आहेत, आणि तुमच्या कॅप्सूलसाठी तसंही यकृत तपासत राहावं लागतं.

मग सुया घ्यायच्याच नाहीत का? घ्या, मन ओढत असेल तर जरूर घ्या. फक्त माणूस वेगळा शोधा. ॲक्युपंक्चर परिषदेची नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचारा, नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असायला हवं. डॉक्टरकीची पदवी असून ॲक्युपंक्चर शिकलेलं कुणी मिळालं तर उत्तम. 'मला एमएस आहे, माझी औषधं चालूच राहतील, मला कंबरेसाठी आणि जमलं तर तळपायांसाठी सुया हव्यात,' एवढं पहिल्याच दिवशी सांगा. यावर त्यांचा चेहरा पडला तर तिथून उठा. सुया तुमच्यासमोर बंद पाकिटातून काढलेल्या, एकदाच वापरायच्या असाव्यात. तुमच्या कॅप्सूलनं रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या, पेशी कमी होऊ शकतात, म्हणूनच डॉक्टर दर काही महिन्यांनी रक्त तपासायला लावतात. शेवटचा रिपोर्ट बघूनच सुरुवात करा. रिटुक्सिमॅब किंवा तशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनीही आधी विचारावं. छातीवर, पाठीच्या वरच्या भागावर खोल सुई नको. क्वचित का होईना, फुप्फुसाला भोक पडल्याचे प्रकार घडले आहेत. ज्यांच्या अंगात पेसमेकर किंवा बॅक्लोफेनचा पंप बसवलेला आहे, त्यांनी सुयांना करंट जोडू देऊ नये.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. बऱ्याच ठिकाणी सुया लावल्यावर वरून लाल दिव्याचा शेक देतात, किंवा जळत्या वनस्पतीची कांडी जवळ धरतात. तुम्ही ते नाकारा. एक तर उष्णता तुम्हाला सोसत नाही. दुसरं, तुमच्या डाव्या पायाला गरम-गार नीट कळत नाही, चप्पल निसटली तरी समजत नाही असं तुम्ही लिहिलंय. त्या पायाला भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही. सुया नेहमी झोपूनच घ्या, बसून नको, काहींना पहिल्या वेळी घेरी येते. उपाशीपोटी जाऊ नका आणि उठल्यावर पाच मिनिटं तिथेच थांबा.

पैसे आगाऊ देऊ नका. एका बैठकीचे एका वेळी. सहा बैठका ठरवा, त्यापुढे नाही, आणि त्या सुरू करण्याआधी दोन आठवडे फक्त वही लिहा. रोज रात्री चार आकडे, शून्य ते दहा: आग, गोळे, करंट, कंबर. सोबत किती वेळा उठलात आणि मोरीत गेलात का. कुठल्या दिवशी ऊन जास्त होतं, पाळी होती, ताप होता, तेही कोपऱ्यात. मग सुया चालू असतानाही तेच लिहायचं. सहा बैठकांनंतर वही उघडून बघा. कंबर सातावरून चारावर आली असेल आणि तुम्ही सलग झोपत असाल तर तुमचे पैसे वसूल. आकडे हललेच नसतील तर सोडून द्या, मनाला लावून न घेता. आत्ता फेब्रुवारी आहे. वही आज सुरू केलीत तर होळीच्या सुमाराला सुया सुरू होतील आणि खरा चटका लागायच्या आत बऱ्याचशा संपतील. एप्रिल-मेवर ढकललंत तर ऊन आणि सुया यांचा हिशोब एकमेकांत मिसळून जाईल.

आणि एसटीचा विचार करा. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा जळगावला जाणं-येणं म्हणजे तुमच्या आजारात लहान गोष्ट नाही. थकवा हे एमएसचं सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण. सुईनं कंबर सैल व्हायची आणि परतीच्या बसमध्ये उभं राहून पुन्हा धरायची, असं व्हायला नको. आठवड्यातून एकदाच, शनिवारी शाळा सकाळची असते तेव्हा, आणि पहिल्या दोन वेळा सोबत कुणीतरी. तालुक्याच्या गावीच चांगली फिजिओथेरपिस्ट असेल, तर तोच वेळ आणि तेच पैसे तिथे आधी खर्च करावेत, असं माझं मत आहे. एमएसमध्ये व्यायामाच्या फायद्याचा पुरावा सुयांपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

सोबत कोण, याचं उत्तर तुमच्या घरातच आहे. दीर तुमच्यासाठी धडपडले, गाडी काढून घेऊन गेले, त्यांची माया खरी आहे. त्यांना म्हणा, 'भाऊ, मुळापासून जाणारा हा आजार नाही, पण माझी कंबर सैल झाली तरी मला खूप आहे.' मिस्टर थोतांड म्हणतात त्यामागे मला भीती दिसते, तुम्ही औषध सोडाल याची. औषध सुटणार नाही हे त्यांना एकदा स्पष्ट सांगितलंत तर त्यांचा अर्धा विरोध मावळेल. रोज रात्री वहीतले चार आकडे त्यांनाच लिहायला द्या. तुम्ही मोरीत जाता हे त्यांना माहीत आहे का? पत्रावरून तरी मला तसं वाटलं नाही.

या सदराच्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी घाईनं सांगते. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत, फोनवरूनही बोलता येतं. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्वतंत्रपणे आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर सवलतींचा हक्क मिळतो. नोकरी करणाऱ्यांनी त्यात कमीपणा मानू नये.

राहता राहिला डॉक्टर रागावतील का, हा प्रश्न. कदाचित एखादा शब्द जोरानं बोलतील. पण सुया चालू आहेत हे त्यांना माहीत नसेल आणि उद्या एखाद्या सुईच्या जागी गळू झालं, किंवा रक्ताचा रिपोर्ट बिघडला, तर ते अंधारात चाचपडतील आणि भोगाल तुम्ही. परवानगी मागायला नको, कळवायला हवं. एखादे डॉक्टर ऐकूनच घेत नसतील, तर दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं मत घेण्यात काही गैर नाही. पण आधी यांना ऐकायची संधी द्या. ती तुम्ही अजून दिलेली नाही.

मार्चमध्ये तुमची तारीख आहे म्हणालात. मिस्टरांना सोबत न्या. आत गेल्यावर डॉक्टर फाइल उघडतील आणि नेहमीसारखं विचारतील, "नवीन काही?" तेव्हा म्हणा, "नवीन नाही, जुनंच आहे, पण ते मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं." आणि वही त्यांच्यापुढे ठेवा.